गोठवलेला डाग

चिनफूच्या गालातला पांढरा डाग सापडला तो देवळाच्या अंगणात, तोंडाच्या फुकट तपासणीच्या दिवशी. तो काही आपणहून तिथे गेला नव्हता. त्याच्या बायकोने, सूयिनने, त्याला जवळजवळ ढकलतच नेलं होतं.

सूयिनची सुपारीची टपरी चाओचोऊ गावाहून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर होती. नदीतली खडी वाहणारे ट्रक तिथे थांबत. ओल्या हिरव्या सुपारीचं देठ छाटायचं, मधोमध चीर द्यायची, लाल चुना भरायचा, पानात गुंडाळायची. लग्न झाल्यापासून तिने हेच केलं होतं आणि आता तिने न बघताही तिची बोटं काम करत. आरोग्य केंद्रातल्या बाई एक दिवस टपरीवर येऊन म्हणाल्या, "तुझी गिऱ्हाइकं तपासणीला पाठव. गिऱ्हाईकच मेलं तर विकशील कुणाला?" त्या हसून म्हणाल्या, पण सूयिनला काही हसू आलं नाही. गिऱ्हाइकं पाठवायची तर आधी घरचं पाठवायला हवं होतं. चिनफू स्वतः खडीचा ट्रक चालवायचा आणि मिसरूड फुटल्यापासून त्याचा गाल कधी रिकामा राहिला नव्हता.

तपासणारा दातांचा डॉक्टर अगदीच कोवळा पोरगा होता. त्याने चपटी काडी घालून गाल ओढला, बॅटरी मारली, कापसाने घासून पाहिलं.

"काका, हे पांढरं कधीपासून आहे?"

"कुठलं पांढरं?"

"आतलं. घासून जात नाहीये. काओशुंग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. लवकर."

चिनफू तसाच घरी आला. त्याच्या डोळ्यांसमोर आथू गवंडी होता. आथू शेजारच्याच गल्लीतला. कर्करोग झाला म्हणून त्याचा गाल कापून मांडीची चामडी लावली होती, आणि बरा झाल्यावर त्याचं तोंड जेमतेम बोट आत जाईल एवढंच उघडायचं. लग्नकार्यात सगळे जेवायला बसले की आथू कोपऱ्यात नळीने पेज ओढत बसायचा आणि लोक त्याच्याकडे पाठ करून बसायचे, त्याला संकोच नको म्हणून.

"मी नाही कापून घेणार," चिनफू शेवटी म्हणाला. "मेलो तर पुऱ्या तोंडाने मरेन."

काओशुंगच्या डॉक्टर को या पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी डागाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला वेळ लागला आणि तेवढ्या दिवसांत चिनफूने दोनदा गावच्या देवाला नवस बोलून घेतले. निकाल बरा आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या, आणि डाग तसाच ठेवला तर पुढे काय होईल याची हमी कुणी देणार नव्हतं.

"कापायला हवं?" चिनफूने विचारलं.

"कापता येईल. गोठवताही येईल," डॉक्टर को म्हणाल्या. "द्रव नायट्रोजन लावायचा. डागाची कातडी गोठते, मरते, गळून पडते. खालून नवी येते. रक्त नाही, टाके नाहीत, गाल आक्रसत नाही. तुमच्यासारख्या डागाला हे चांगलं आहे."

"मग गोठवा ना."

"आधी दुसरी बाजू ऐका. तोंड सुजेल, दुखेल. डाग परत येऊ शकतो. आणि जे गोठवलं ते गळून जातं, तपासायला काही उरत नाही. म्हणून मी आधी तुकडा काढला. त्याच्याशिवाय मी कुणाच्या तोंडाला हे लावत नाही. आत काही असेल तर वरून गोठवून ते मरत नाही, फक्त झाकलं जातं. कळलं?"

"कळलं," चिनफू म्हणाला. त्याने ऐकलं होतं ते एवढंच, की टाके नाहीत.

"आणि सुपारी बंद."

"बंद," चिनफू म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सूयिनकडे पाहिलं. सूयिनची बोटं चुन्याने लाल होती. तिने हात मांडीखाली घेतले.

थर्मासातून पांढरी वाफ निघत होती. कापसाचा बोळा त्यात बुडवायचा, डागावर दाबून धरायचा, काढायचा, थांबायचं, परत धरायचा. चिनफूने खुर्चीचे हात घट्ट पकडले होते. त्याला वाटलं होतं गार लागेल. लागली ती आग. परतीच्या गाडीत त्याचा गाल असा फुगला की गावातले लोक विचारू लागले, आख्खा वाफवलेला पाव कोंबलाय की काय तोंडात. चार दिवस तो गार पेज गिळत आणि सूयिनला शिव्या देत बसला. मग एका सकाळी चूळ भरताना राखाडी पापुद्रा सुटून मोरीत पडला, आणि खाली गुलाबी गाल दिसला. डाग नाही, व्रण नाही. आरशासमोर तो इतका वेळ उभा राहिला, की सूयिनला वाटलं रडतोय. तो हसत होता.

त्या दिवसापासून चिनफूला नवा उद्योग मिळाला. टपरीपुढच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, ट्रक थांबला की ड्रायव्हरला बोलवायचं आणि तोंड वासून दाखवायचं.

"बघ. बघ ना. तान्ह्या पोराचा असतो तसा झालाय. पांढरा डाग होता इथे, नाण्याएवढा. गोठवून उडवला. सुरी नाही, काही नाही."

"खरंच दुखत नाही?"

"मुंगी चावल्यासारखं." आपण दिलेल्या शिव्या तो विसरला होता.

ड्रायव्हर वाकून बघायचे, मान डोलवायचे आणि सुपारीची पुडी घेऊन जायचे. पूर्वी त्या तपासणीची, डागाची, आथूच्या तोंडाची गोष्ट निघाली की दोन-चार जण तरी एक पुडी कमी घेत. आता कुणी कमी घेईना. डाग आला तर गोठवता येतो, हे सगळ्यांना कळलं होतं. सूयिनच्या लक्षात आलं, की चुन्याचा डबा पूर्वीपेक्षा लवकर संपतोय. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, आणि त्या झालेल्या आनंदाचीच तिला किळस आली.

थोड्याच दिवसांत चिनफूनेही परत सुरू केलं. दुसऱ्या गालात.

"डॉक्टरीणबाईंनी दुरुस्त केलेल्या गालाला मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "हा गाल माझा आहे."

आशुई हा चिनफूचा धाकटा भाऊ. लांब बांबूला कोयता बांधून सुपारीचे घड उतरवण्याचं काम तो करायचा आणि सूयिनच्या टपरीला माल द्यायचा. सडपातळ, हसऱ्या तोंडाचा, वहिनीची थट्टा केल्याशिवाय घड खाली न ठेवणारा. "वहिनी, आजची सुपारी इतकी कोवळी आहे, चिनफूदादाचा गाल फिका पडेल." घड उतरवता उतरवता पहिली सुपारी तोच चावायचा. त्याची बायको हुईलान शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पहाटे जायची, दुपारी यायची. त्यांना दोन मुली होत्या.

त्या शरदात आशुईने जेवताना मिरची बाजूला काढायला सुरुवात केली. सूयिनने ते पाहिलं आणि त्याला तोंड उघडायला लावलं. मागच्या दाढेपाशी, गालाच्या आत, पांढरं होतं. पण चिनफूसारखं नुसतं पांढरं नव्हतं. मधे मधे लाल ठिपके होते, मसाल्याचे कण सांडल्यासारखे.

"काओशुंगला जा," ती म्हणाली.

"जातो वहिनी. घड तयार आहेत. आता उतरवले नाहीत तर जून होतील."

चिनफूने हात झटकला. "काओशुंग कशाला? एक दिवस जाण्यात, मग तुकडा, मग निकालाची वाट, मग परत जा. गावात डॉक्टर पेंग आहेत ना. चामखीळ गोठवतात, मस गोठवतात. वाफ तीच, थर्मास तोच. खालच्या गल्लीतल्या दोघांची तोंडं केली त्यांनी माझं बघून."

हुईलानला शाळेतून सुट्टी मिळत नव्हती. ती सूयिनकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "ताई, तू जा त्यांच्याबरोबर. हे दोघे भाऊ डॉक्टरसमोर नुसती मान हलवून येतील. तू नीट ऐकून घे."

"जाते," सूयिन म्हणाली.

डॉक्टर पेंग यांचा दवाखाना बाजारात होता. बाहेर बाकावर मुरमं आलेल्या पोरी, खाज सुटलेले म्हातारे, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. डॉक्टर मध्यमवयीन, गोल चेहऱ्याचे, वागायला गोड. त्यांनी आशुईच्या तोंडात दिवा धरला.

"याचा तुकडा तपासलाय का कुठे?"

आशुईने भावाकडे पाहिलं.

"हो हो," चिनफू म्हणाला. "काओशुंगला. डॉक्टर को. काही नाहीये म्हणाल्या, गोठवा म्हणाल्या."

"अरे, ते तुझं..." सूयिन म्हणाली.

"डॉक्टर, हिच्याकडे लक्ष देऊ नका. हिला सकाळी काय जेवली ते संध्याकाळी आठवत नाही." चिनफूने अशा काही चेहऱ्याने सांगितलं की नर्स खुदकन हसली. डॉक्टरही हसले. आशुई तर तोंड उघडं ठेवूनच हसला आणि त्याला ठसका लागला. सूयिनच्याही ओठांवर हसू आलं, तिने न आणता. नवऱ्याने चारचौघांत थट्टा केली की तिचं तसंच व्हायचं, वर्षानुवर्षांची सवय.

"लाल आहे थोडं," डॉक्टर पेंग परत वाकून म्हणाले.

"तिखट खातो तो."

"हं." बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि नायट्रोजनची पिचकारी हातात घेतली.

येताना सूयिन ट्रकमध्ये मधे बसली होती. "तू खोटं का बोललास?" तिने चिनफूला विचारलं.

"खोटं काय त्यात? एका आईचे दोघे आम्ही, एकाच झाडाची सुपारी खाल्ली. माझ्यात काही निघालं नाही तर याच्यात काय निघणार?"

आशुई सुजायला लागलेला गाल धरून बसला होता.

संध्याकाळी हुईलान विचारायला आली. "काय म्हणाले डॉक्टर, ताई?"

चिनफू तिथेच पाय धूत होता. सूयिन म्हणाली, "गोठवलं. बरं होईल म्हणाले. तरी काओशुंगला एकदा दाखवून घ्या."

"दाखवू. एवढी तोड आटपू दे."

आशुईचा गालही बरा झाला. तसाच पापुद्रा पडला, तशीच गुलाबी कातडी आली. तो घड घेऊन आला की टपरीत वाकून तोंड उघडायचा. "वहिनी, बघ. दादापेक्षा माझा छान." आणि खरंच छान होता. सूयिनने दिवा धरून पाहिलं, बोट लावून पाहिलं. तिला काही दिसलं नाही.

चिनफूच्या फेरतपासणीला मात्र ती त्याला न चुकता नेत होती. त्याच्या दुसऱ्या गालाचा रंग पाहून डॉक्टर को यांनी त्याला चांगलंच झापलं. तो बाहेर गेल्यावर सूयिनने हळूच विचारलं, "डॉक्टर, तुकडा न काढता गोठवलं असेल तर?"

"कुणाचं?"

"दिराचं. पांढरं होतं. मधे लाल."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं खाली ठेवलं. "त्यांना घेऊन या. याच आठवड्यात."

सूयिनने घरी येऊन आशुईला सांगितलं. तो सुपारीच्या बागेत होता, बांबू खांद्यावर. "येतो वहिनी. आता तर काही दुखतही नाही," तो म्हणाला. तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मग पुढच्या आठवड्यात सांगितलं. मग नववर्षाची गडबड सुरू झाली. एका माणसाला तीच गोष्ट किती वेळा सांगायची, असंही तिला वाटलं.

नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळं घर एका टेबलाशी बसलं होतं. आशुईने डुकराच्या मांसाचा तुकडा उचलला आणि परत वाटीत ठेवला. त्याचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. कान ठणकतो म्हणाला, सर्दीने असेल. हुईलानने त्याच्या जबड्याखाली हात लावला आणि तिचा हात एका गाठीवर थांबला.

डॉक्टर को यांनीही तिथेच बोटं दाबली. बराच वेळ दाबली. मग हातमोजे काढत म्हणाल्या, "वरचं गोठलं. खालचं खालीच राहिलं, आणि तिथून मानेत उतरलं."

"पण बरं झालं होतं," हुईलान म्हणाली. "गुलाबी झालं होतं. मी स्वतः पाहिलंय."

"कातडी बरी झाली होती."

आशुईचा अर्धा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला, पायाचं हाड आणि कातडी तिथे बसवली. मग किरणं दिली. उन्हाळा लागेपर्यंत तो घरी आला, पण आलेला माणूस निराळाच होता. तोंडावर मास्क, मास्कखाली रुमाल, कारण लाळ थांबत नव्हती. तो बोलायचा ते फक्त हुईलानला कळे. मुली त्याच्याजवळ बसायच्या आणि बाप काहीतरी म्हणाला की आईकडे बघायच्या.

चिनफूने भावाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अंगणात जाऊन ओकला. परत आला तो डॉक्टर पेंगच्या नावाने बोटं मोडत. "त्या गोडबोल्याने मारलं माझ्या भावाला. सोडणार नाही मी त्याला." दिवसभर तो हेच बोलू लागला. टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, आधी गाल दाखवायचा तेवढ्याच हिरीरीने. त्याने नातेवाईक गोळा केले. पांढऱ्या कापडावर काळ्या रंगात मोठी अक्षरं काढून घेतली: आमच्या भावाचं तोंड परत द्या. एका सकाळी दहा-पंधरा माणसं प्लास्टिकची स्टुलं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन दवाखान्यापुढे जाऊन बसली. आशुईला चाकाच्या खुर्चीत मधोमध ठेवलं. ऊन लागू नये म्हणून हुईलानने त्याच्यावर छत्री धरली होती. भरपाई मिळाली तर मुलींच्या शाळेचं बघता येईल, असं तिने सूयिनला वाटेत सांगितलं होतं. तेवढंच एक तिच्या मनात होतं.

आतले पेशंट मागच्या दाराने निघून गेले. दुपारच्या सुमारास डॉक्टर पेंग बाहेर आले. त्यांचा गोल चेहरा उतरला होता. त्यांनी आशुईपुढे कमरेतून वाकून नमस्कार केला.

"वाकून काय होतं?" चिनफू ओरडला. "तोंड दे त्याचं परत."

"मी विचारलं होतं," डॉक्टर हळू म्हणाले. "तुकडा तपासलाय का, हे मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"कोण म्हणालं? मी? तुम्ही सगळे ऐका, आता हा मलाच खोटा पाडतोय."

रस्त्यावर गर्दी जमली होती. कुणी फोन वर धरून व्हिडिओ काढत होतं. डॉक्टरांची नजर फिरत फिरत सूयिनवर येऊन थांबली. "बाई, तुम्ही होतात ना बरोबर? तुम्ही सांगा."

सूयिनच्या हातात पाण्याची बाटली होती. तिला वाटलं, आपण खाली बघावं, हा क्षण जाईल. चिनफू तिच्याकडे बघतही नव्हता, इतकी त्याला तिची खात्री होती. कदाचित त्यामुळेच तिच्या तोंडून ते निघालं.

"हो म्हणाला होता हा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं आणि हा हो म्हणाला. तपासलं नव्हतं. मी सांगायला गेले तर हसण्यावारी नेलं, आणि मीही हसले." मग ती डॉक्टरांकडे वळली. "पण तुम्हाला लाल दिसलं होतं. तुम्ही बोलूनही दाखवलंत. लाल दिसल्यावर एका ट्रकवाल्याच्या शब्दावर तुम्ही गोठवलंत. आम्हाला अक्कल नव्हती. तुम्हाला होती."

ज्यांनी कापड धरलं होतं त्यांचे हात हळूहळू खाली आले.

चिनफूने तिला मारलं नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "घरचं तोंड बाहेर उघडलंस." आणि तिच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला.

हुईलानने छत्री आपल्या थोरल्या मुलीकडे दिली आणि सूयिनजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि सूयिनला तेच सोसवेना.

"ताई, तुला माहीत होतं."

"मी तुला म्हणाले होते, काओशुंगला दाखवा. त्यालाही किती वेळा..."

"दाखवून घ्या म्हणालीस. खोटं सांगून आलोय असं नाही म्हणालीस. मी तुला पाठवलं होतं ना बरोबर? मग माझ्या घरी येऊन जेवलीस, नववर्षाला माझ्या शेजारी बसलीस, हॉस्पिटलात माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तेव्हा नाही बोललीस. आणि आज बोललीस, जेव्हा माझ्या मुलींच्या पदरात काही पडणार होतं."

हुईलानचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तेवढ्यात आशुईने खुर्चीचा हात आपटला. मास्कमागून काहीतरी बोलला. बरंच बोलला, सूयिनकडे बघत, आणि रुमाल ओला झाला. सूयिनने हुईलानकडे पाहिलं.

"काय म्हणतोय तो?"

"घरी चला म्हणतोय," हुईलान म्हणाली आणि खुर्ची वळवली.

आशुई बोलला होता त्यात याहून जास्त शब्द होते. पण दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हते, आणि सूयिनला परत विचारायचा धीर झाला नाही.

सरपंचाने मध्यस्थी करून डॉक्टर पेंग यांच्याकडून पैशांचं एक पाकीट हुईलानला पोचवलं. ते मदत म्हणून, चूक म्हणून नव्हे. दवाखाना चालू राहिला. तोंडाचं काम मात्र डॉक्टरांनी बंद केलं. कुणी आलं की काओशुंगचा पत्ता देतात.

मानेतलं परत वाढलं, आणि थंडी सुरू होताना आशुई गेला. शेवटी तो पाणीही गिळत नव्हता. चिनफू रोज जाऊन भावाच्या उशाशी बसून यायचा. सूयिन जायची तेव्हा हुईलान दार उघडायची, बसायला सांगायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. अंत्यविधीला घरातल्या सगळ्यांना सुतकाचे कपडे हुईलानने स्वतःच्या हाताने दिले. सूयिनचे मुलीच्या हाती पाठवले.

महिनाभर टपरी बंद होती. मग चिनफूनेच एका सकाळी तिची काच पुसली आणि दिवा लावला. सूयिन जाऊन बसली, कारण घरात बसून तिच्या हातांना करायला काही नव्हतं. माल आता दुसराच कुणी आणून देई, घड ठेवी आणि न बोलता जाई. गिऱ्हाइकाला पुडी देताना सूयिन आता म्हणू लागली, "तोंडात काही आलंय का? आलं असेल तर आधी तुकडा काढून घ्या. तो तपासल्याशिवाय गोठवून घेऊ नका." एकदोघांनी ऐकलं. बाकीचे पुढच्या वळणावरच्या टपरीवर थांबू लागले. तिथे एक तरुण पोरगी बसायची आणि ती असलं काही बोलत नसे. रोज दुपारी हुईलान शाळेतले रबरी बूट घालून स्कूटरवरून टपरीसमोरून जायची. मान वळवायची नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर चिनफूच्या दुसऱ्या गालात डाग आला. पांढरा, एकसारखा, मधे लाल नसलेला. यावेळी त्याने काही वाद घातला नाही. तुकडा काढू दिला, निकालाची वाट पाहिली, रोज रात्री उठून आरशात बघत. निकाल परत बरा आला.

"गोठवता येईल ना?" त्याने विचारलं. त्या प्रश्नात इतकी आशा होती, की सूयिनने मान फिरवली.

"येईल," डॉक्टर को म्हणाल्या. "तुमच्या नशिबाने येईल."

त्या बोळा धरून होत्या, चिनफूचं तोंड उघडं होतं, वाफ त्याच्या नाकावरून वर जात होती. जुना गाल त्यांनी आधी पाहिला होता. तो अजून गुलाबी होता, एक रेघही नाही.

"तुमचे दीर कसे आहेत?" त्यांनी मान वर न करता सूयिनला विचारलं. आशुई शेवटी शेवटी काओशुंगला येत नव्हता.

"गेले. थंडीत."

डॉक्टरीणबाईंचा हात तसाच राहिला. वेळ भरल्यावर त्यांनी बोळा काढला, बाजूच्या भांड्यात टाकला, दुसरा घेतला. "वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा बोळा दाबला. चिनफूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या वेळीही वाहिलं होतं.

बाहेर ऊन होतं. बसच्या थांब्यावर चिनफू गाल धरून बसला. दवाखान्यापुढच्या त्या दिवसापासून तो सूयिनशी जेवण, ट्रक आणि चुना एवढ्याबद्दलच बोलत आला होता. आता तो सुजत चाललेल्या तोंडाने म्हणाला, "पेंगने बघायला हवं होतं."

"हो," सूयिन म्हणाली. "त्यानेही."

बस आली तेव्हा चिनफू आधी चढला आणि पुढच्या बाकावर खिडकीशी बसला. सूयिन मागे जाऊन बसली.